शिकण्यासाठी काढलेलं कर्ज आणि बाबासाहेब आंबेडकर

पदवी झालेली मुलं-मुली हल्ली आम्हा शिक्षकांकडे एक वेगळाच प्रश्न घेऊन येतात. कुणाला समाजकार्यात एमएसडब्ल्यू करायचं असतं, कुणाला कायद्याचं पुढचं शिक्षण, तर कुणाला सरकारी धोरणांचा अभ्यास करायला मोठ्या शहरात किंवा परदेशात जायचं असतं. फी लाखांत जाते. घरी वडिलांची रिक्षा किंवा छोटं दुकान. शिकून झाल्यावर मिळणारी नोकरी समाजाच्या कामाची, म्हणजे पगार बेताचाच. डॉक्टर-इंजिनियर होण्यासाठी कर्ज काढलं तर कोणी नावं ठेवत नाही. पण लोकांची सेवा करायला शिकायचं आणि त्यासाठी कर्ज काढायचं, हे घरच्यांच्या गळी उतरत नाही. काढावं का मग असं कर्ज?

हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रातल्या एका माणसापुढे शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता. बाबासाहेब आंबेडकरांची चळवळ आणि संविधान आपल्याला माहीत असतं. त्यांच्या शिक्षणाला पैसा कुठून आला, कोणत्या अटींवर आला आणि त्याचं ओझं किती वर्षं राहिलं, याची चर्चा फार कमी होते. आज त्याच अंगाने त्यांचं आयुष्य पाहू या.

गहाण दागिने आणि फारसी

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहायला आलं. पेन्शन तुटपुंजी, घरात खाणारी तोंडं जास्त. मुलाला पुस्तकांचं वेड. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, एखादा दागिना मागून आणायचे, तो सावकाराकडे गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. म्हणजे शिक्षणासाठी उसनवारी या घरात पहिल्यापासूनच होती. ती फेडायची शिस्तही होती.

शाळेत भीमरावांना संस्कृत घ्यायचं होतं. जातीमुळे ते शिकवायला नकार मिळाला, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातही फारसी होतीच. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना हे सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं. संविधान लिहिणारा माणूस कधीकाळी आपल्यासारखाच उजवीकडून डावीकडे लिहीत होता, ही गोष्ट त्यांना फार जवळची वाटते.

१९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने त्यांच्यासाठी शब्द टाकला. केळुसकर गुरुजींमुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि कॉलेज शक्य झालं. केळुसकर गुरुजींचं नाव शिक्षक मंडळींनी तरी विसरू नये. त्यांनी स्वतः पैसा दिला नाही. पैसा जिथे होता तिथपर्यंत एका हुशार मुलाला नेऊन उभं केलं.

दहा वर्षांचा करार

१९१३ च्या सुरुवातीला बी.ए. होऊन भीमराव बडोद्याच्या नोकरीत गेले, पण थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ ला वडील वारले. पदरात बायको रमाबाई आणि तान्हा यशवंत. अशा वेळी आपल्याकडे काय सल्ला मिळतो? नोकरी धर, घर सांभाळ. सल्ला चुकीचाही नसतो.

त्याच वर्षी बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होतं. भीमराव निवडले गेले. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार. त्याबदल्यात ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची. आजच्या भाषेत हा बॉंड होता. नोकरी केली तर शिष्यवृत्ती, नाही केली तर कर्ज. बावीस वर्षांच्या तरुणाने ही सही केली तेव्हा ती पुढे किती जड जाणार आहे, याची कल्पना कोणालाच नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी त्या पैशाचं सोनं केलं. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. सरकारी तिजोरीचा पैसा कसा येतो आणि कसा खर्च होतो, या विषयातले नामांकित प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ साली एम.ए., १९१६ साली पीएच.डी.चा प्रबंध. मिळणाऱ्या साडेअकरा पौंडांतून काटकसर करून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुन्या बाजारातली पुस्तकं घ्यायची, असा त्यांचा खाक्या होता. लाला लजपतराय त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी चळवळीत ओढायचा प्रयत्न केला, पण आधी अभ्यास पुरा करायचा हे भीमरावांनी ठरवलं होतं. ज्याच्या पैशावर आलो, त्याचं काम आधी.

लंडन अर्धवट, बडोदा अकरा दिवस

१९१६ साली ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असे दोन अभ्यास एकदम सुरू केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावलं. शिक्षण अर्ध्यावर टाकून निघावं लागलं. निघण्याआधी त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. दार बंद होऊ दिलं नाही.

पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान ज्या जहाजावर होतं ते भूमध्य समुद्रात बुडवलं गेलं आणि जमवलेली पुस्तकं पाण्यात गेली. सामानाच्या नुकसानभरपाईचे काही पैसे मिळाले. त्यातले काही घरखर्चाला देऊन उरलेल्या पैशांवर ते बडोद्याला गेले. कोलंबियाचा उच्चशिक्षित माणूस, आणि नोकरीवर हजर व्हायला तिकिटाचे पैसे बुडालेल्या सामानाच्या भरपाईतून.

बडोद्यात काय झालं, ते त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी खाणावळीत पारशी नाव सांगून राहिले. काही दिवसांत लाठ्या घेतलेले लोक आले आणि जागा खाली करायला लावली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांच्या नोकरीचा करार अकरा दिवसांत संपला.

करार मात्र कागदावर जिवंत होता. नोकरी केली नाही म्हणून शिष्यवृत्तीची रक्कम कर्ज ठरली आणि संस्थानकडून मागणी सुरू झाली. आकडा वीस हजार रुपयांच्या वर होता. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली तेव्हा पगार महिना ४५० रुपये होता, आणि त्या काळात तो चांगला मानला जाई. त्या पगारातला एक पैसाही खर्च केला नसता तरी साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागला असता, इतकं हे कर्ज होतं.

मुलांना सल्ला देणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. १९१८ साली कोणी हिशेब मांडला असता तर उत्तर सरळ होतं: तोट्याचा सौदा. डिग्री आहे, पण ती वापरू देणारी कचेरी नाही. शिकवण्या कराव्या लागत होत्या. शेअरबाजाराबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. जिथे शिकलेल्या माणसालाही दारात उभं केलं जात नाही, तिथे शिक्षणाचा खर्च भरून निघत नाही. यात दोष त्या दाराचा आहे. आपल्या मुलांपैकी ज्यांना नावावरून भाड्याची खोली नाकारली गेली आहे, त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

पुन्हा कर्ज

एवढं होऊनही बाबासाहेब पुन्हा शिकायला गेले. या वेळी पद्धत बदलली.

सिडनहॅममधल्या नोकरीत काही सहकाऱ्यांचा प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला आक्षेप होता. तरी ते टिकून राहिले, कारण पैसे साठवायचे होते. घरखर्चाला रमाबाईंच्या हाती मोजकी रक्कम द्यायची, बाकी बाजूला टाकायची. याच काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीने ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू झालं. म्हणजे समाजाचं काम शिक्षण पुरं होण्याची वाट बघत थांबलं नव्हतं.

१९२० च्या जुलैमध्ये ते लंडनला निघाले. विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत संपत आली होती. पैशाचे धागे तीन होते. स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज. पहिल्या वेळचा पैसा एकाच ठिकाणाहून आला होता, नोकरीच्या अटीसकट. या वेळी कोणाच्याही नोकरीचा बॉंड नव्हता. कर्ज होतं, पण ते ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचं होतं.

लंडनमधले ते दिवस काटकसरीचे होते. सकाळी ग्रंथालय उघडताना आत जायचं, बंद होईपर्यंत वाचायचं, मधल्या जेवणाला फाटा द्यायचा, रात्री खोलीत परत वाचन. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. त्या प्रबंधाचा विषय होता मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यातला पैशाचा व्यवहार. १९२२ साली बॅरिस्टरी मिळाली. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला. त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली आणि तो पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथूनच प्रबंध सुधारून पाठवला आणि त्या वर्षाच्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्टही अशीच आहे. तिथे छापील प्रबंध सादर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. तो छापून निघाला १९२५ साली आणि पदवी हाती आली १९२७ मध्ये, प्रबंध लिहिल्यावर अकरा वर्षांनी. ते पुस्तक त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केलं आहे, शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्यात जे भोगलं ते एका बाजूला आणि महाराजांचे उपकार दुसऱ्या बाजूला, अशी दोन वेगळी खाती त्यांनी ठेवली. संस्थानने पुढे ती रक्कम माफ केली.

बॅरिस्टरी कशासाठी?

एवढ्या डिग्र्या असताना बॅरिस्टरीचा खटाटोप कशाला, असं कोणालाही वाटेल. अर्थशास्त्रात तर ते उच्चकोटीचे विद्वान होतेच. आमच्या मते त्यांच्या सगळ्या शिक्षणातला हा सर्वांत हिशेबी निर्णय होता. अर्थशास्त्राच्या डिग्रीने सरकारी किंवा कॉलेजातली नोकरी मिळाली असती, आणि नोकरी म्हटली की वरचा साहेब आला. बडोद्याने ते शिकवलं होतं. वकिलाची रोजीरोटी स्वतःच्या हातात असते. समाजासाठी बोलायचं असेल तर आपली भाकरी समाजविरोधी माणसाच्या ताटात असता कामा नये.

सुरुवात कठीण गेली. वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते, तेव्हाही भथेनाच मदतीला आले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बिऱ्हाड, जवळच दामोदर हॉलमध्ये ऑफिस, आणि अशिलं बहुतेक गरीब. जोडीला १९२५ ते १९२८ या काळात एका अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत कायद्याचे तास घेतले. पण हळूहळू जम बसला. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि विरोधक कोर्टात गेले, तेव्हा ती लढाई कायद्याने लढण्याची तयारी होती. दहा वर्षं चाललेल्या या प्रकरणाचा हायकोर्टातला निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

बाकीच्या डिग्र्याही कपाटात पडून राहिल्या नाहीत. १९२५ च्या अखेरीस चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, ती रुपयावरच्या अभ्यासाच्या जोरावर. मध्यवर्ती सरकार आणि प्रांतांच्या पैशाचा जो विषय लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी अभ्यासला, तोच पाव शतकानंतर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्या पुढ्यात आला. केंद्राने राज्यांना किती पैसा द्यायचा, हे ठरवणारा वित्त आयोग आजही संविधानानुसार नेमला जातो.

रमाबाईंचा वाटा

या हिशेबात एक नाव राहून गेलं तर तो हिशेब खोटा ठरेल. नवरा परदेशी असताना घर रमाबाईंनी चालवलं. पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. कधी औषधाला पैसे नाहीत, कधी घरात धान्य नाही. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाईंचंही निधन झालं, तेव्हा बरे दिवस येऊन फार वर्षं झाली नव्हती. शिकणाऱ्याच्या कर्जाचा हप्ता नेहमी तो एकटाच भरत नसतो. बायको भरते, आई भरते, शाळा सोडून कामाला लागलेला धाकटा भाऊ भरतो. कर्जाच्या कागदावर त्यांची सही नसते. म्हणून निर्णय घेण्याआधी त्यांना शेजारी बसवून विचारायला हवं.

सत्ता हाती आल्यावर

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याच वर्षी त्यांनी सरकारकडे जे निवेदन दिलं, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा द्या, परदेशी शिकायलाही द्या, अशी मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज लाखो मुलं जिच्यावर शिकतात ती योजना तिथून निघाली आहे. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे सकाळचे वर्ग ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब मुलाला शिकता यावं. पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं.

ज्याला स्वतःला दागिने गहाण टाकून, बॉंडवर सही करून आणि मित्राकडून उसने घेऊन शिकावं लागलं, त्याने अधिकार मिळताच पुढच्या मुलाला तसं शिकावं लागू नये याची व्यवस्था केली. त्यांच्या कर्जाची खरी परतफेड आम्हाला इथे दिसते.

मग आपण काय करावं?

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही यातून चार गोष्टी सांगतो. पैसा कोणाचा आहे आणि सोबत अट कोणती आहे, हे आधी वाचा. एकाच ठिकाणाहून सगळं कर्ज घेण्याऐवजी बचत, मदत आणि उसने अशी विभागणी करा. दोन वर्षं नोकरी करून मग शिकायला गेलात तर काही बिघडत नाही, फक्त प्रवेशाचं दार उघडं ठेवून या. आणि समाजसेवेच्या शिक्षणाबरोबर रोजीरोटीचं एक स्वतंत्र साधन हातात असू द्या.

पण सगळा भार मुलांवरच टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजात सूट देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी मौलाना आझाद फेलोशिपही बंद करण्यात आली. बँकेकडे जावं तर अनेक घरांत सुदाचा प्रश्न उभा राहतो. त्यावर मसला सांगणं उलमांचं काम आहे, शिक्षकांचं नाही. पण बिनव्याजी कर्ज, ज्याला आपण कर्ज-ए-हसना म्हणतो, ते देणं तर आपल्या हातात आहे. प्रत्येक शहरात लग्नाच्या मांडवावर, जेवणावळीवर होणारा खर्च आपण पाहतो. त्यातला थोडा भाग जमवून मोहल्ल्यातल्या एका मुलीला कायद्याचं किंवा समाजकार्याचं शिक्षण देता येईल. तिने परत फेडलं की तोच पैसा दुसरीला द्यायचा.

केळुसकर गुरुजी आणि नवल भथेना हे काही राजे-महाराजे नव्हते. एकाने ओळख करून दिली, एकाने पाच हजार रुपये दिले. आपल्या वस्तीत शिकू पाहणारी मुलं भरपूर आहेत. त्यांच्यामागे उभी राहणारी अशी माणसं वाढावीत, हीच दुआ.